करवंदाएवढी गोळी आणि महाराजांची कनात

श्रीवायूस नमन असो. जो कोणास दिसत नाही आणि ज्यावाचून पान हालत नाही, त्याने या लेखणीस सांभाळावे, कारण धरणारा हात कापरा आहे. शके सोळाशे एकोणऐंशी, ईश्वरनाम संवत्सर, मार्गशीर्ष मासी जे वर्तले ते ऐकिले तैसे लिहितो. अधिकउणे झाल्यास वाचणाराने मनात दुरुस्त करून घ्यावे. राज्य कोणते हे पुसू नये. ते डोंगराआड होते, आणि धुके उतरले म्हणजे राजधानीसुद्धा नाहीशी होई आणि दुपारी पुन्हा जागेवर सापडे.

त्या राज्याच्या सीमेवर एक खिंड, खिंडीत चौकी, आणि चौकीखाली उघड्या उतरणीवर पाण्याचे टाके होते. दरीपलीकडे शत्रूचा एक निशाणबाज पांढऱ्या खडकाआड येऊन बसला आणि टाक्याकडे जो जाईल त्यास टिपू लागला. राज्याची गोळी सुपारीएवढी. ती दरीच्या मध्यावर दमून जाई आणि झाडीत पडे, आणि पडल्याचा आवाजही वर येत नसे. तेव्हा चौकीचा नाईक रायाजी घारे याने आपला थोरला भाऊ सुभानजी, जो राज्यात पहिला निशाणबाज, त्यास निरोप धाडिला की, "दादा, पाण्यास जाण्याच्या पाळ्या लावल्या आहेत. माझी जवळ आली. लांब पोहोचेल ऐसी गोळी घेऊन ये, नाही तर माझी घागर तू घेऊन जा."

मग सुभानजी दरबारी उभा राहिला, आणि महाराजांनी गोळीचे नवे माप ठरवावयाची आज्ञा केली, आणि तात्काळ दोन पक्ष जाहले. सेनापती दौलतराव बोलिले की गोळी आवळ्याएवढी असावी, जड गोळीस वारा ढकलीत नाही. दिवाण त्रिंबकपंत बोलिले की करवंदाएवढी असावी, बंदूक लांब आणि हलकी, गोळी सुतासारखी सरळ जाते.

"पंत, करवंदे मिठासोबत खावयाची असतात," सेनापती म्हणाले.

"आणि साहेब, आपली आवळ्याची बंदूक त्या खिंडीत चढवावयास बैल लागेल. तो कोण होणार तेवढे ठरवावे," पंत म्हणाले.

दरबार हसला आणि मग सेनापतींकडे पाहून हसावयाचा थांबला.

तेव्हा परीक्षा नेमिली. महाराजांस वाऱ्याने पडसे होत असे, म्हणून ते जेथे बसत तेथे चहूकडे जाड किरमिजी कापडाच्या कनाती उभारीत. हा तीन पिढ्यांचा रिवाज. मैदान लांब, म्हणून कनातीही दोहों बाजूंनी शेवटपर्यंत लाविल्या, आणि आत ऐसी शांतता जाहली की उदबत्तीचा धूर उभा चढत होता. सुभानजीने आवळ्याची बंदूक झाडिली तो मागे बसला आणि त्याचा खांदा सुजला. करवंदाची झाडिली तो तांब्याच्या पत्र्यावर भोकाशेजारी भोक पडले, जणू कोणी दोऱ्याने ओवीत होते. महाराजांनी कौल विचारिला आणि सुभानजी म्हणाला, "महाराज, हीच." आणि राज्याचा रिवाज ऐसा की एक माप ठरले म्हणजे गोळ्या ओतावयाचे बाकीचे साचे देवळापुढे फोडावे, वाद पुन्हा उठू नये. ते फोडिले.

मग सुभानजी खिंडीत गेला. तेथे वारा होता. तो दरीतून येई, वळे, थांबे, आणि कोणीकडून आला हे तो गेल्यावर कळे. करवंदाची गोळी दरी ओलांडून गेली खरी, पण खडकाच्या एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. पलीकडचा निशाणबाज आडून हसला म्हणतात. इतक्या दुरून हसणे ऐकू आले असेल काय, हे मज सांगता येत नाही.

"दादा, तुझी गोळी पाहुणी निघाली. सगळीकडे जाते, कामाच्या घरी जात नाही," रायाजी म्हणाला. घागरी रित्या होत्या आणि परवाची पाळी त्याची होती.

सुभानजीने दौडत्या स्वाराबरोबर कळविले की येथे वारा आहे आणि माझा कौल चुकला. दरबारी हे सांगताच पंत म्हणाले, "परीक्षेच्या दिवशी वारा नव्हता."

महाराज म्हणाले, "पंत, आमच्यापुढे कधी असतो?"

साचे तर फुटले होते. मग महाराजांनी भोवती पाहिले आणि म्हणाले, "वाऱ्यापुढे उभे राहावयास आमच्यापाशी एवढेच आहे. हे न्या." आणि कनाती उतरविल्या, आणि महाराज प्रथमच उघड्यावर बसले आणि शिंकले, आणि उठून आत गेले नाहीत.

पाळीच्या सकाळी कनाती खिंडीत पोहोचल्या. सुभानजीने त्या टाक्याच्या वाटेवर आडव्या बांधविल्या, आणि रायाजी घागर घेऊन त्यांच्या आडून उतरला, आणि पलीकडून पाहणारास किरमिजी कापडावाचून काही दिसेना. दोन गोळ्या कापडातून गेल्या. कापड वाऱ्याने फुगत होते, सैल पडत होते, झोपलेल्या माणसाच्या पोटासारखे. सुभानजी ते पाहात राहिला, आणि त्यास उमजले की ज्या वाऱ्याचा पत्ता त्यास लागत नव्हता तो आता समोर उभा आहे, किरमिजी रंगाचा. तितक्यात पलीकडचा निशाणबाज, काय चालले म्हणून, खडकाबाहेर अर्धा आला. सुभानजीने कापडाचा फुगवटा पाहून नेम खडकापासून माणूसभर बाजूस धरिला, रिकाम्या हवेवर, आणि कळ ओढिली. करवंद निघाले आणि वाऱ्याने ते वळवून जागेवर नेले. पांढऱ्या खडकावर बंदूक तेवढी राहिली.

रायाजी वर आला आणि घागर खाली ठेविली. "कापड नसते तर?" सुभानजीने विचारिले.

"तर घागर तुला आणावी लागली असती. पी आधी," रायाजी म्हणाला.

ऐसे वर्तले. राज्याचे माप करवंदाएवढेच राहिले, आणि आज्ञा जाहली की प्रत्येक निशाणबाजास बंदुकीसोबत महाराजांच्या कनातीतला एक तुकडा द्यावा, काठीस बांधावयास. महाराजांनी नव्या कनाती शिवविल्या नाहीत. पुढे कोणी निशाणबाज निरोप घेण्यास आला म्हणजे ते उघड्यावर बसून रुमालाने नाक पुशीत, आणि वारा कोणीकडचा आहे हे आपण होऊन सांगत.