दोन चोरखिशांची पॅन्ट

"आजपासून या घरात भाजी विकत येणार नाही!"

टेलरमास्तरांनी ही घोषणा कात्री वर धरून केली. त्यांची बायको, जिला सगळी गल्ली वहिनी म्हणते, रिकामी पिशवी घेऊन बाजारातून नुकतीच परत आली होती. भाव ऐकून ती पिशवी न भरताच माघारी फिरली होती.

"विकत नाही, तर मग कुठून येणार? मशिनीतून?"

"गॅलरीतून! घरच्या घरी पिकवायची. टोमॅटो, मिरची, वांगी. फुकट!"

"आणि कुंड्या?"

"कुंड्या कशाला? आपल्याकडे पॅन्टा आहेत की!"

आता हे पॅन्टांचं प्रकरण तुम्हाला सांगायला हवं. मास्तरांचा हात सोन्याचा, पण जीभ भारी घातकी. गिऱ्हाईक दारात आलं रे आलं, की जीभ आपोआप म्हणायची, "उद्या या, उद्या नक्की!" तो उद्या काही उजाडायचा नाही. गिऱ्हाइकं फेऱ्या मारून मारून दमायची आणि शेवटी यायचीच बंद व्हायची. मग कधीतरी पॅन्ट तयार व्हायची आणि कपाटात जाऊन पडायची. असं एक कपाट गच्च भरलं होतं. त्यात एक तर खास होती. जाड कापडाची, कंबरेला आतून दोन चोरखिसे असलेली. कुणा सडपातळ तरुणाने फार हौसेने शिवायला टाकली होती. बिचारा फेऱ्या मारून मारून आणखीनच सडपातळ झाला आणि मग दिसेनासा झाला.

"हे बघ," मास्तर उत्साहाने म्हणाले, "कापड मजबूत, शिवण डबल टीप. पहिलं काम, मोहरी बंद करायची."

"अगंबाई! म्हणजे मोहरीसुद्धा आणायची नाही?"

"अगं, पॅन्टची मोहरी! पायाचा खालचा घेर! तो शिवला की झाली पिशवी. एका पायात मिरची, एका पायात वांगं, खिशांत टोमॅटो!"

वहिनींनी कपाळाला हात लावला. पण मास्तरांना एकदा चेव आला की आवरणं कठीण. पहिल्या खेपेला लावलेले तीन टोमॅटो वाळून गेले. मग बाहेर पाइपसाठी रस्ता खणला होता, तिथली माती त्यांनी पहाटे, कुणी बघायच्या आत, बादल्या भरभरून वर आणली. दोन पॅन्टा ठासून भरल्या आणि कठड्यावर बसवल्या. कंबर आत, पाय बाहेर, दोरीने गजांना करकचून बांधलेल्या. दुपारचं ऊन फार लागतं म्हणून काठ्या रोवून वर एकेक जुना शर्ट पसरला. खालून पाहिलं तर दोन माणसं निवांत पाय सोडून बसली आहेत असंच वाटावं!

हे सगळं चालू असताना मास्तरांचं खरं लक्ष मात्र दुकानाकडे होतं. तयार कपड्यांची दुकानं झाल्यापासून शिवायला टाकणारं माणूस दुर्मीळ झालं होतं. दुकान टिकायचं तर एकच आशा होती, अग्निशमन दलाच्या गणवेशांची ऑर्डर! सगळ्या दलाचे कपडे, दरवर्षी. तिथले साहेब नमुना बघायला स्वतः येणार होते. आज.

त्यामुळे मास्तर सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून खाली दुकानात बसले होते. शर्ट चुरगळू नये म्हणून खुर्चीला टेकतही नव्हते.

आणि नेमकं त्याच वेळी समोरच्या दुकानातल्या चष्मेवाल्या काकांनी वर पाहिलं.

काका दिवसभर दुसऱ्यांच्या डोळ्यांवर चष्मे चढवतात आणि स्वतःचा चष्मा मात्र कुठल्यातरी गिऱ्हाइकाच्या डब्यात घालून देऊन टाकतात. त्या दिवशीही तसंच झालं होतं. त्यांनी डोळे बारीक केले. गॅलरीच्या कठड्यावर दोन माणसं! पाय बाहेर! त्यांनी घाईघाईने वहिनींना फोन लावला.

"वहिनी, तुमच्या गॅलरीत ते दोघं कोण बसलेत?"

बाग लावल्यापासून महिनाभर सगळी गल्ली चेष्टा करत होती. काकाही त्यातलेच, असं वहिनींना वाटलं. त्या वैतागून म्हणाल्या, "बसलेत खरे! हलवायचे नाहीत म्हणून ह्यांनी बजावलंय."

"अहो, पण पाय बाहेर लोंबतायत!"

"मग? ऊन नको लागायला?"

"खाल्लं का काही त्यांनी?"

"घालते ना उरलंसुरलं. साली, देठं, चहाचा चोथा."

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "तब्येत... तब्येत कशी आहे?"

"एक बरा आहे. दुसऱ्याने सकाळपासून मान टाकलीय. हे म्हणाले, संध्याकाळपर्यंत बघू, नाहीतर उपटून फेकू."

"अरे देवा!"

"एवढं काय काका? आधीचे तिघं नाही का गेले?"

"गेले?"

"गेले की! या खेपेला मात्र ह्यांनी हयगय केली नाही. पहाटे उठून, कुणी बघायच्या आत, स्वतःच्या हाताने माती दिली!"

माती दिली! काकांच्या हातातून फोनच गळाला. तो उचलून त्यांनी थेट अग्निशमन दलाला लावला आणि एका दमात सांगितलं, "धावा! टेलरच्या गॅलरीत दोन माणसं बांधून बसवलीत! चहाचा चोथा खायला घालतात! एकाने मान टाकलीय आणि तिघांना आधीच माती दिलीय!"

थोड्याच वेळात घंटा घणघणत लाल गाडी गल्लीत शिरली. मास्तर ताडकन उठले. काय हा थाट! नमुना बघायला साहेब चक्क बंब घेऊन आले! गळ्यात टेप, कानावर खडू, चेहऱ्यावर हसू, असे ते दारात उभे राहिले.

"या साहेब, या! आधी माप घेऊ का?"

"आधी जीव!" साहेब गरजले. "वर कोण आहे?"

"वर? आमची मंडळी."

"किती मंडळी?"

"एकच हो साहेब! जास्त कुणाला परवडतात?"

साहेबांनी त्यांना बाजूला सारलं. शिडी लागली. एव्हाना गल्ली माणसांनी भरली होती. काका मधोमध उभे राहून, जणू लग्नाला आलेल्या पाहुण्यांना जागा दाखवावी तसे, "तो डावीकडचा, मान टाकलेला," असं जो येईल त्याला दाखवत होते. मास्तरांनी वर पाहिलं, शिडी पाहिली, पॅन्टा पाहिल्या आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पण तोंडातून शब्द फुटेना. ऑर्डर गेली! दुकान गेलं!

साहेब भराभर वर चढले. "घाबरू नका!" ते पॅन्टांना म्हणाले. "खाली बघू नका! माझा हात धरा!"

पॅन्टा काही बोलल्या नाहीत. त्यांनी हात धरण्याचा तर प्रश्नच नव्हता.

"बोलत नाहीये! बेशुद्ध आहे!" साहेबांनी खाली ओरडून सांगितलं आणि मान टाकलेल्याच्या कंबरेला मिठी मारली. तेवढ्यात आतून वहिनी तांब्या घेऊन आल्या. ही पाणी घालायची वेळ होती. त्या रोजच्या सवयीने गाणं गुणगुणत आल्या आणि शर्टाच्या आडून त्यांनी तांब्या उपडा केला. चिखलाचं पाणी साहेबांच्या डोक्यावरून शिडीवर, शिडीवरून बुटांखाली. बूट सटकला!

गल्लीतून एकच किंकाळी उठली. साहेब पॅन्टच्या दोन पायांना धरून हवेत लोंबकळत होते! पॅन्ट ताणली गेली. दोरी करकरली. आणि मास्तरांची इतका वेळ अडकलेली जीभ एकदम सुटली.

"घाबरू नका साहेब! डबल टीप आहे!"

आणि खरं सांगतो, एक टाका उसवला नाही. आत मणभर ओली माती, खाली धष्टपुष्ट साहेब, तरी ती शिवण जागची हलली नाही. जवानांनी शिडी सरकवली. साहेबांनी आधारासाठी एक हात वर टाकला, तो पॅन्टच्या कंबरेत आतल्या बाजूला गेला आणि तिथेच थांबला. तो चाचपडू लागला. एक खिसा. त्याच्या शेजारी आणखी एक.

"दोन चोरखिसे!" साहेब शिडीवरूनच ओरडले. "मास्तर! ही माझी पॅन्ट आहे!"

खाली मास्तरांनी कानावरचा खडू काढून घाईघाईने खिशात लपवला.

साहेब खाली उतरले. नखशिखांत चिखल, पण डोळे लकाकत होते. "लग्नासाठी शिवायला टाकली होती मी! तुम्ही म्हणालात, उद्या या. मी आलो. म्हणालात, उद्या या. शेवटी दादाची ढगळ पॅन्ट घालून उभा राहिलो! लग्नाच्या एकूण एक फोटोत माझा एक हात कंबरेवर आहे! बायको अजून विचारते, तुम्ही तेव्हा एवढे ऐटीत का उभे होतात?"

हसू आवरण्यासाठी जवानांनी माना फिरवल्या. मास्तर हात जोडून उभे राहिले. खोटं बोलायची सवय असलेली ती जीभ आज पहिल्यांदाच सरळ बोलली. "चुकलं साहेब. फार चुकलं. ऑर्डर तुम्ही दुसरीकडे द्या, माझं काही म्हणणं नाही."

"दुसरीकडे?" साहेबांनी वर लोंबणाऱ्या पॅन्टकडे पाहिलं. "अहो, जिला लटकून मी जिवंत राहिलो, तशी शिवण दुसरीकडे मिळेल? सगळ्या दलाचे कपडे तुम्हीच शिवायचे! पण वेळेवर. 'उद्या या' हे शब्द पुन्हा ऐकू आले, तर बंबाचं पाणी दुकानात सोडेन!"

"नाही येणार ऐकू! शपथ घेतो!" मास्तरांनी गळ्यातल्या टेपवर हात ठेवला. गल्लीने टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात काकांनी वाजवल्या, पण त्या चुकून मास्तरांकडे नव्हे, दिव्याच्या खांबाकडे बघून.

"आणि माझी ती पॅन्ट," साहेब म्हणाले, "आत्ताच्या आत्ता द्या. मला नाही झाली तर मुलाला होईल. पण आज घेतल्याशिवाय हलणार नाही."

"आत्ता सोडतो, साहेब!" मास्तर दोन दोन पायऱ्या चढत वर धावले, साहेब त्यांच्या मागे. मास्तरांनी दोरीच्या गाठीला हात घातला.

"खबरदार!"

वहिनी आडव्या उभ्या होत्या. हातात तोच तांब्या. ज्या बाईने पहिल्या दिवशी कपाळाला हात लावला होता, ती आता पॅन्टपुढे पहाऱ्याला उभी होती. मान टाकलेलं रोप पाण्याने पुन्हा ताठ झालं होतं, आणि चोरखिशातून शर्टाच्या बटणाएवढा एक हिरवा टोमॅटो बाहेर डोकावत होता. आजवर मास्तरांच्या जिभेला नावं ठेवत आलेल्या वहिनींनी तो टोमॅटो पाहिला, मग चिखलाने माखलेल्या साहेबांकडे पाहिलं आणि अगदी गोड आवाजात त्या म्हणाल्या,

"साहेब, पॅन्ट झालीय हो, फक्त पिकायची राहिलीय. उद्या या, उद्या नक्की!"