ओत्तो बुडाला तरी लाल, वाचला तरी लाल!

प्रेक्षकांच्या मनातलं ओळखण्यात आमच्या हौकिलाम्पी गावात माझा हात धरणारा कोणी नाही, असं मी त्या उन्हाळ्यात छातीठोकपणे सांगत होतो. का सांगू नये? तळ्याकाठच्या उन्हाळी रंगमंचावरची नाटकं मीच लिहितो, मीच बसवतो आणि पाऊस आला की प्रेक्षकांना प्लास्टिकचे रेनकोटही मीच वाटतो!

पण बाकं रिकामी राहायला लागली होती. ग्रामसमितीने तर तोंडावरच सांगितलं, "एन्सियो, यंदा बाकं भरली नाहीत तर पुढच्या वर्षी त्या जागेवर पाहुण्यांच्या मुक्कामाच्या गाड्या, कॅराव्हॅन, उभ्या राहतील." माझ्या रंगमंचावर कॅराव्हॅन!

लोकांनाच विचारावं, तर आमची माणसं ही अशी! "कसं वाटलं नाटक?" म्हटलं की स्वतःच्या बुटांकडे बघत म्हणतात, "ठीक." खेळ रंगला तरी ठीक, पडला तरी ठीक. म्हणून मी चेहऱ्यांचं यंत्र आणलं. आमच्याकडे ते दुकानात असतं, दवाखान्यात असतं, विमानतळाच्या संडासातसुद्धा असतं. आवडलं तर हसरा हिरवा चेहरा दाबायचा, नाही तर रुसलेला लाल. तोंड उघडायचं कामच नाही! मैदानात विजेची सोय फक्त मध्यंतराच्या कॉफीच्या टेबलापाशी होती. तिथेच, टेबल सांभाळणारी सिल्वी वेलदोडे घातलेले गोड पाव ठेवायची त्या परातीशेजारी, मी यंत्र मांडलं.

पहिल्या खेळाला लालच लाल! माझ्या नाटकात मध्यंतराच्या आधी नायक ओत्तो तळ्यात बुडतो आणि पुढचा अख्खा अंक त्याची बायको रडते. काय चुकलं ते मला लगेच कळलं.

"लोकांना मरण नको आहे. ओत्तो वाचेल!" मी जाहीर केलं.

ओत्तोचं काम आमचा ट्रॅक्टर मेकॅनिक कालेर्वो करायचा. त्याने विचारलं, "मग बायको पुढचा अंकभर कशाला रडेल?"

"आनंदाने रडेल! तू पाठांतर कर."

दुसऱ्या खेळाला ओत्तो वाचला आणि यंत्र हिरवंगार! मी खूश. तिसऱ्यालाही तो वाचला, तर पुन्हा लाल! आता आली का पंचाईत? मी खूप विचार केला. वाचला हे खरं, पण फार सहज वाचला होता. लोकांना थरार हवा होता!

"कालेर्वो, आता तू खरंच तळ्यात उडी मारायचीस. आणि बुडताना तुला बकरी वाचवेल."

"पाणी बर्फासारखं आहे, एन्सियो!"

"प्रेक्षकांची मागणी आहे!"

"प्रेक्षकांना म्हणावं, तुम्ही मारा उडी!"

पण भला माणूस तो, मारली त्याने उडी. बकरीने दोरीचं टोक दातात धरून पळायचं, म्हणजे कालेर्वो काठावर येणार, असा माझा बेत होता. बकरीने दोरी हुंगली, सोडली, आणि बाकांवरून उड्या मारत ती थेट सिल्वीच्या टेबलावर चढली! मागून कालेर्वो बोंबलत बाहेर आला. त्याची विजार तळ्यातच राहिली होती. जन्मात मोठ्याने न हसलेली माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसली! मी मनात म्हटलं, आज यंत्र हिरवं होणार!

मध्यंतरात जाऊन बघतो, तर यंत्रापुढे रांग, आणि जो तो लाल चेहऱ्यावर बोट आपटतोय. शेजारची हिल्या आजी तर हातातल्या काठीनेच दाबत होती.

"आजी, ओत्तो वाचला की आज!"

"कोण ओत्तो? अरे, बकरीने सगळे पाव खाल्ले!"

मी सिल्वीकडे बघितलं. ती शांतपणे परात पुसत होती.

"पहिल्या दिवशी माझी भट्टी बिघडली होती. विकतची बिस्किटं ठेवली, म्हणून लाल," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी ताजे पाव होते. तिसऱ्या दिवशी मी मनुके घालून पाहिले. लोकांना नाही आवडले."

"मग तेव्हाच सांगायचंस ना मला!"

"तू विचारलंस कुठे? मला वाटलं, यंत्र तू माझ्यासाठीच आणलंस. फार बरं वाटलं होतं मला."

माझं तोंड अगदी एवढंसं झालं. पण गंमत म्हणजे पाव नसूनही त्या दिवशी कोणी घरी जायला उठेना. लोक नुसत्या कॉफीवर बकरीची गोष्ट एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगत बसले, जणू समोरच्याने ती पाहिलीच नव्हती! पुढच्या खेळाला शेजारच्या गावाची माणसंही आली, बाकं भरली आणि कॅराव्हॅनचा बेत बारगळला. समितीने दोनच अटी घातल्या: बकरी हवी, मनुके नकोत.

"आणि नाटक?" मी विचारलं.

सगळी समिती बुटांकडे बघत म्हणाली, "ठीक."

शेवटच्या खेळाला मीही रांगेत उभा राहिलो. पावाचा मोठा घास घेतला आणि हसरा हिरवा चेहरा दाबला.

"नाटकाला दाबलास की पावाला?" मागून कालेर्वोने विचारलं. नशीब, माझ्या तोंडात घास होता!