तेल पहिल्या मजल्यावर, पाणी तळमजल्यावर

आमच्या प्रयोगशाळेत तेल आणि पाणी एकाच नळीतून वाहत होते, आणि ही बाब कार्यालयाच्या निदर्शनास सहा वर्षांनी आली. मी तिथला हेडक्लार्क. विज्ञानाशी माझे वैर नाही. त्याने फक्त रकान्यात बसावे, एवढीच माफक अपेक्षा.

प्रयोग ज्यांचा होता त्या संशोधक ताईंची नोकरी कंत्राटी. कायम व्हायचे तर महिनाअखेरपर्यंत अहवाल मंजूर व्हायला हवा होता. प्रपत्रात ‘द्रवाचे नाव’ हा रकाना एकच, आणि ताईंनी त्यात दोन नावे कोंबली होती.

“दोन्हीतलं एक काहीतरी ठरवा, ताई,” मी म्हणालो.

“अहो काका, दोन आहेत म्हणून तर प्रयोग आहे. ती मिसळत नाहीत. वेग वाढला की दोघांमधल्या सीमेवर लाटा उठतात. त्या कधी उठतील, याचं गणित मी मांडलंय.”

“त्या सीमेवर तेलाचा वेग किती?”

“पाण्याइतकाच. तिथे दोघांचा वेग सारखाच असतो.”

“मग तंटाच मिटला. एकच समजा की.”

ताईंनी कपाळावर हात मारला नाही, पण हात तिथपर्यंत गेला होता.

शेवटी तोडगा मीच काढला. दोन द्रव, दोन प्रपत्रे. दोन प्रपत्रे म्हणजे दोन प्रकल्प, आणि दोन प्रकल्पांना एकच नळी वापरणे नियमबाह्य. सबब तेल पहिल्या मजल्यावर गेले, पाणी तळमजल्यावर राहिले. दोन्ही नळ्या सुरळीत वाहू लागल्या. लाट औषधालाही नाही. संचालक साहेब पाहणीला आले आणि ताईंना म्हणाले, “सहा वर्षं लाटा उठत होत्या, आणि तुम्ही नुसत्या मोजत बसलात?”

प्रश्न उरला सीमेचा. तिला जाडी नसते, असे ताईंनीच लिहून दिले होते. जाडी नसलेली वस्तू जडवस्तू नोंदवहीत चढत नाही, म्हणून मी ती निकाली काढली.

“काका, माझं सगळं काम त्या सीमेवरच होतं,” ताई म्हणाल्या. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

“घरी आई कायम झाल्याच्या ऑर्डरची वाट बघतायत ना? मग करा दोन्ही प्रपत्रांवर सही.”

त्यांनी केली. आता त्या कायम आहेत आणि दिवसातून दहादा जिना चढतात-उतरतात.

तुम्हाला ताईंचा राग आला असेल, माझा तर आलाच असेल. येऊ द्या. पण मागे एका फॉर्ममध्ये तुम्ही मावत नव्हता, तेव्हा भांडलात, की मावेल तेवढेच लिहून मोकळे झालात? तुमचा कागद आमच्याकडे आहे. सही मोठी सुरेख आहे.