परीक्षेपुरतं मौन

माझ्यासारखा बेत आखणारा माणूस निपाणी भागात दुसरा सापडायचा नाही, असं माझं ठाम मत होतं. हल्ली मी ते बोलून दाखवत नाही, पण त्या वेळी होतं खरं!

मी श्रेयांस. गाव कोगनोळीजवळ, नोकरी निपाणीत, भुजबली अण्णांच्या पाइप आणि मोटरपंपांच्या दुकानात. बिलं करायची, ठिबकच्या नळ्या मोजून द्यायच्या आणि संध्याकाळी गावाकडं परतायचं. कामावर घेताना अण्णांनी एकच गोष्ट विचारली होती.

"बँकेच्या परीक्षांचं खूळ गेलं न्हवं? मी शिकवून तयार करायचं आणि तू निघून जायाचं, असं नगं."

"गेलं अण्णा," मी म्हणालो होतो.

गेलं कुठलं! क्लार्कची पूर्वपरीक्षा एका रविवारी गुपचूप देऊन आलो आणि चक्क पास झालो. आता मुख्य परीक्षा बेळगावला होती. वयाच्या अटीमुळं ही माझी शेवटची संधी होती. ही हुकली की पुढं बँकेत फक्त पासबुक भरून घ्यायला जायचं. अण्णांना कळलं तर हातातली नोकरी जाईल, म्हणून दुकानात मी गप्प. आणि आईला कळलं तर गावाला कळेल, म्हणून घरीही गप्प. आजवरच्या प्रत्येक परीक्षेची बातमी आईनंच बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, सगळ्यांना दिली होती. आणि प्रत्येक निकालानंतर ते सगळे आमच्या घरी चहाला आले होते. तोंडं मात्र सुतकात आल्यासारखी.

पण अभ्यास करायचा कधी? संध्याकाळी पुस्तक उघडावं, कोड्यातली आठ माणसं गोल टेबलाभोवती बसवावीत, कोण कुणाच्या डावीकडं हे जुळत यावं, की फोन वाजायचा. "श्रेयांसअण्णा, मोटर फिरतीया पण पाणी येत न्हाय." त्याला उत्तर देईपर्यंत टेबलावरची आठही माणसं उठून गेलेली असायची. मग शेजारचं कुणीतरी आधारकार्ड घेऊन यायचं. मग कुणाचा तरी मोबाईल अडकायचा.

अशात एका चतुर्दशीला मला शेजारच्या ब्राह्मीआक्का दिसल्या. त्यांचं त्या दिवशी मौन होतं. त्यांचा जावई तावातावानं भांडायला आला होता. आक्कांनी ओठांवर बोट ठेवलं. जावयानं हात जोडले आणि आल्या पावली परत गेला. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या समाजात उपास करणाऱ्याला लोक एकवेळ आग्रह करतील, पण मौन धरलेल्या माणसाला कुणी छेडत नाही!

मी त्याच दिवशी आईला सांगितलं, "दुकानातनं आल्यापासून झोपेपर्यंत मी रोज मौन पाळणाराय." बस्तीत जाऊन रीतसर नियम घेतला नाही, एवढी काळजी मी घेतली. तोंड खरोखरच बंद ठेवायचं आणि पुस्तक उघडं ठेवायचं, यात खोटं ते काय? आईचे डोळे भरून आले. तिथंच मी सावध व्हायला हवं होतं.

पहिले काही दिवस स्वर्ग होता. फोन आई घ्यायची. "त्यो मौनात हाय, उद्या दुकानात भेटा." खोलीचं दार लोटून मी गणितं सोडवायचो. एका संध्याकाळी ब्राह्मीआक्का आत आल्या. मी त्या वेळी आठ माणसांच्या टेबलात होतो, सात बसली होती आणि आठवं सापडत नव्हतं.

"श्रेयांस, मौनाचा शेवट कवा करायचा रं? पुढच्या रविवारी धरू?"

मी मान हलवली. आक्का गेल्या की आठवा माणूस सापडेल, एवढंच मला कळत होतं.

"मग शेवटचा आठवडा अखंड मौन? दिवसभराचं?"

मी मान हलवली.

"लिवून सांगायचं बी न्हाय. लिवणं म्हणजे बी बोलणंच की."

मी मान हलवली आणि त्याच क्षणी आठवा माणूस सापडला. मला इतका आनंद झाला की मी हसलो. आक्कांना वाटलं, पोराच्या चेहऱ्यावर व्रताचं तेज आलंय. त्या तसं आईला सांगत बाहेर गेल्या. मग मी कॅलेंडर बघितलं. पुढचा रविवार म्हणजे माझ्या परीक्षेचा दिवस!

सकाळी, तोंड उघडायची मुभा होती तेव्हा, मी आईला खरं सांगायला गेलो. ती फोनवर मामाला रविवारचं आमंत्रण देत होती. माझ्या मौनासाठी म्हणून तिनं त्या दिवसापासून रोज एकदाच जेवायचं ठरवलं होतं. तिचा चेहरा बघून मी तसाच मागं फिरलो. मौन सोडायचा कार्यक्रम सकाळी सातला होता, बेळगावच्या केंद्राचं गेट अकराला बंद होणार होतं. मी नवा बेत केला. साडेआठला पानं वाढली जातील, त्या गडबडीत सटकायचं.

सोमवारी दुकानात गेलो तर आक्कांचा फोन माझ्या आधी पोचला होता. अण्णांनी काउंटरवर पाटी लावली होती, 'श्रेयांस यांचे अखंड मौन आहे. कृपया खुणेने बोलावे.' मी बिलं लिहू शकतो की नाही, हे त्यांनी बस्तीच्या उपाध्यांना विचारूनही घेतलं होतं. बिलापुरती परवानगी मिळाली होती.

पाटी वाचून गिऱ्हाइकांचा असा समज झाला की आपणही बोलायचं नाही. चिकोडीकडचा यल्लाप्पा आला. त्यानं हात गोल फिरवला, मग नाकाला बोट लावलं, मग कपाळावर दोन्ही हात धरले. मी ओळखलं, मोटर फिरताना जळका वास येतोय आणि त्याचं डोकं उठलंय. मी स्टार्टर काढून दिला. त्यानं मान झटकली. मी फ्यूज दिला, मग वायर दिली. त्यानं पुन्हा हात गोल फिरवला, पुन्हा नाक, पुन्हा कपाळ. दुकानातली चार माणसं ओळखायला पुढं सरसावली. शेवटी यल्लाप्पाचा संयम सुटला.

"पोरीचं लगीन हाय," तो म्हणाला. "सात फेरे, नथ, बाशिंग. एवढं कळंना व्हय? पत्रिका कुणाकडं द्यायची?"

यानंतर अण्णांनी मला आत गोदामात बसवलं. "हितं शांत जप कर. बिल असलं तर बोलावतो." मी पाइपांच्या भेंडोळ्यावर बसून मोबाईलवर एकामागून एक सराव परीक्षा सोडवल्या. अण्णा फळीच्या फटीतनं बघायचे. मी तन्मय दिसायचो. सूर्य मावळायच्या आत त्यांच्या घरून माझ्यासाठी डबा यायला लागला, तोही कांदा-बटाटा वर्ज्य केलेला आणि साजूक तुपाचा.

गावात तर त्याहून वाढलं होतं. तरुण मंडळानं ढोलाचा सराव माळावर नेला. समोरच्या अरिहंतनं पिठाची गिरणी संध्याकाळी बंद ठेवायला सुरुवात केली, का तर माझ्या खोलीची भिंत हादरते. बायका गल्लीत भांडायच्या त्या कुजबुजत भांडायला लागल्या. एवढा निवांतपणा मला आयुष्यात कुणी दिला नव्हता. मला लाज वाटत होती आणि गणितं धडाधड सुटत होती. ओरडून सगळ्यांचे आभार मानावेत असं वाटायचं, पण तेवढ्याचीच सोय नव्हती.

रविवार उजाडला. शर्टाच्या आत हॉल तिकीट ठेवून मी निघालो. दारातच हलगी वाजायला लागली. मला बस्तीपर्यंत मिरवत नेलं आणि सभामंडपात खुर्चीवर बसवलं. अण्णा प्रमुख पाहुणे होते, हातात शाल आणि नारळ घेऊन. आणि मग भाषणं सुरू झाली. कमी बोलण्याचे फायदे या विषयावर माणसं किती बोलू शकतात, ते मी त्या दिवशी ऐकलं! साडेआठ वाजून गेले, पानांचा पत्ता नाही. नऊ वाजले. उपाध्ये उभे राहिले आणि त्यांनी मूळ मुद्द्याला हात घालण्याआधी थोडी पार्श्वभूमी सांगायला घेतली. माझ्या पाठीतनं घामाच्या धारा लागल्या. आई पहिल्या रांगेतनं कौतुकानं बघत होती.

अखेर अण्णांनी मला शाल पांघरली, नारळ हातात दिला आणि ब्राह्मीआक्कांनी माइक माझ्या तोंडाशी धरला.

"मंत्र म्हण आणि मौन सोड बाळ."

मी मंत्र म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो. आणि श्वासही न घेता पुढं म्हणालो, "माझी आज बेळगावला बँकेची परीक्षा हाय, अकराला गेट बंद होतंय, कुणीतरी मला सोडा."

कर्णा बस्तीच्या शिखराजवळ लावलेला होता. आख्ख्या गावानं ऐकलं.

मंडपात जी शांतता पसरली तशी माझ्या मौनातही कधी पसरली नव्हती. आईनं पदर तोंडाला लावला. मी खाली मान घातली. आता नोकरीही गेली, परीक्षाही गेली आणि गावात तोंड दाखवायची सोयही गेली, असं मला वाटलं. अण्णांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"खूळ गेलं न्हवतं तर," ते म्हणाले. आणि मग, "ऊठ. गाडी काढतो."

आक्कांनी धावत येऊन माझ्या खिशात दोन लाडू कोंबले. दुकानाची पिकअप, मागं पाइप खडखडतायत आणि पुढं मी शाल-नारळासकट. तवंदीचा घाट चढलो, संकेश्वर मागं टाकलं, तरी अण्णा बोलले नाहीत. मी मात्र थांबत नव्हतो. आठवडाभराचं साठलेलं सगळं बाहेर पडलं. चूक झाली, फसवलं, दुसरा माणूस मिळेपर्यंत कुठं जाणार न्हाय, असं सगळं एका दमात.

"गोदामात एकटा असताना कवा तरी बोललास?" अण्णांनी मध्येच विचारलं.

"न्हाय अण्णा."

"फोनवर? पुटपुटत तरी?"

"एक शब्द न्हाय."

"मग मौन खरं. सत्कार बी खरा. आता गप बस, डोकं शांत ठेव. दुकानाचं मी बघतो."

मला रडू आलं. ते मी शालीला पुसलं, खोटं कशाला बोलू?

अनगोळच्या केंद्रावर पोचलो तेव्हा गेट अर्धं लोटलेलं होतं. तपासणाऱ्या माणसानं कानडीत विचारलं, नारळ घेऊन आत काय करणार? अण्णांनी माझ्या हातातला नारळ आणि अंगावरची शाल काढून घेतली आणि मला आत ढकललं. पेपर देऊन दुपारी बाहेर आलो तर ते झाडाखाली तस्सेच उभे होते. नारळ काखेत, शाल खांद्यावर. येणारे-जाणारे त्यांनाच नमस्कार करत होते.

मी पास झालो. लोंढ्याच्या शाखेत क्लार्क म्हणून रुजू झालो. अण्णांनी दुकानात पेढे वाटले आणि नवा माणूस घेतला. त्याला त्यांनी परीक्षेचं काहीच विचारलं नाही. पेढ्यांचा पुडा मी अरिहंतच्या गिरणीवर दिला, तरुण मंडळाला दिला, गल्लीतल्या प्रत्येक दारात दिला. या माणसांनी मला जे दिलं ते कुठल्याही क्लासात मिळालं नसतं, आणि हे मी प्रत्येकाला तोंडानं सांगितलं.

एकच गोष्ट मनाला लागते. गावात परीक्षेला बसलेल्या पोरांच्या आया हल्ली आमच्या घरी येतात आणि मौन कसं धरायचं ते आईला विचारून जातात. आई त्यांना साग्रसंगीत सांगते. एकदा मला राहवलं नाही.

"अगं आई, सगळं मौनानंच झालं व्हय? मी अभ्यास बी केलतो की."

आई भाजी निवडत होती. तिनं वर बघितलंसुद्धा नाही.

"अभ्यास तर तू दरवर्षीच करत हुतास की रं."