झबल्यांखालची लॅब

चार वाजता ऑनलाइन परीक्षा, आणि तीन वाजून दहा मिनिटांनी घरातलं इंटरनेट गेलं.

बाळापायी दोन वर्षं घरी बसलेल्या तिला परत कामावर घ्यायला ऑफिसनं एकच अट घातली होती: नेटवर्किंगचं सर्टिफिकेट, तेही याच महिन्यात. म्हणून बाळाच्या कपाटात, झबल्यांच्या खालच्या कप्प्यात, दोन जुने राउटर मांडून तिनं लॅब थाटली होती. बाळ झोपलं की कपाट उघडायचं, उठलं की अभ्यास बंद.

"तू काय डाउनलोड करतोयस?" तिनं नवऱ्याला धारेवर धरलं.

"माझी मीटिंगच अडकलीये. साहेबांचं तोंड उघडंच राहिलंय स्क्रीनवर."

"मग कसलं तरी बटण दाबलं असशील."

"या घरात बटणं कोण दाबतं ते कपाटाला विचार."

हा टोमणा तिला झोंबला. बाळाला कडेवर घेऊन तिनं इंटरनेट कंपनीला फोन लावला.

"मॅडम, राउटर बंद करून चालू करा."

"अहो, मी नेटवर्किंग शिकतेय, मला बंद-चालू शिकवू नका. माझ्या लॅपटॉपला नेटवर्कवरचा भलताच पत्ता मिळालाय. नवऱ्याच्याही. हे असले पत्ते कुठल्या शहाण्यानं वाटले?"

"आमच्याकडून तसे पत्ते जात नाहीत मॅडम. तुमच्या घरातलंच काहीतरी..."

तिनं फोन ठेवला. "घरातलंच, म्हणे. स्वतःची चूक कबूल करायला जीभ रेटत नाही यांची."

चाळीस मिनिटं गेली. बाळानं तिच्या नोट्सचं पान चघळून संपवत आणलं. रडायलाही वेळ नव्हता. तेवढ्यात नवऱ्यानं सातव्यांदा वाय-फाय बंद करून चालू केलं आणि म्हणाला, "आलं गं नेट."

"बघ. खडसावल्याशिवाय हलत नाहीत हे लोक."

बाळाला त्याच्याकडे देऊन ती तरातरा परीक्षेसाठी बाळाच्या खोलीत शिरली. कपाटासमोर सासूबाई बसल्या होत्या. मांडीवर झबल्यांच्या घड्या, हातात निळी वायर.

"अगं, हिच्यापायी कपाटाचं दारच लागेना. उपटली. काही चुकलं का माझं?"

माझ्या लॅबला हात कुणी लावला, असं ओरडायला तिनं तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं. घरातल्या यंत्रांना पत्ते वाटायचं काम हॉलमधल्या राउटरचं. सकाळी सरावासाठी तिनं तेच काम कपाटातल्या राउटरला शिकवलं होतं, आणि मग तीनच्या सुमारास, एक फाइल हवी म्हणून, दोनच मिनिटांसाठी, ही निळी वायर घरच्या राउटरला जोडली होती, ती काढायची राहूनच गेली. तेव्हापासून कपाटातला राउटर अख्ख्या घराला इमानेइतबारे चुकीचे पत्ते वाटत होता.

घड्याळात तीन बावन्न झाले होते.

"परत लावून देऊ का?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"नको आई," ती खुर्ची ओढत म्हणाली. "परीक्षा होईपर्यंत तुमच्याच हातात राहू दे."