फेसाले विचारा

ताराचंद कुणाच्याही घरी गेला की आधी हुंगतो, मग जयभीम घालतो. दारात थांबायचं, मान वर करायची, डोळे मिटून नाकपुड्या फुगवायच्या. तुमची तब्येत, पोरांचं शिक्षण, यंदाचं धान, सगळं नंतर. माझे दीर वारले तेव्हा भेटायला आला, तोही असाच. बायका रडताहेत आणि हा दारात मान वर करून उभा. मग सरळ स्वयंपाकघरात शिरला, रेग्युलेटर काढून नीट बसवला, बाहेर येऊन आमच्यात बसला आणि आमच्याहून मोठ्यानं रडला.

आता हा कोण ते सांगते. मी वडस्याला खानावळ चालवते. हिवाळ्यात नाटकमंडळ्यांचा हंगाम असतो, तेव्हा नट, वादक, पडदे ओढणारे सगळे माझ्याकडं जेवतात आणि माझ्या भट्ट्यांना दिवसभर उसंत नसते. त्या भट्ट्यांची गॅसची लाईन ताराचंदनं टाकलेली. माझ्या मागच्याच गल्लीत राहायचा. खानावळी, मंगल कार्यालयं, आश्रमशाळांची स्वयंपाकघरं, पार आलापल्लीपर्यंत ह्या माणसानं तांब्याचे पाईप नेलेत.

पिशवीत साबणाची डबी आणि दाढीचा ब्रश कायम. ब्रशानं फेस करायचा, पाईपाच्या जोडाला फासायचा आणि बघत बसायचं. गॅस गळत असेल तर फेसाला फुगा येतो. कुणी काडी पेटवून गळती शोधायला गेलं की ह्याचं डोकं फिरलंच. "काडी दाखवते तो फिटर नाई, सरन रचनारा आहे!" आणि जोड पक्का आहे ना, असं विचारलं की छाती पुढं काढून म्हणणार, "मले काऊन विचारता? फेसाले विचारा. मानूस खोटं बोलते, फेस नाई." त्यावर आणखी एक ठरलेलं: "ताराचंदचा जोड गळला तं मिशी काढून टाकीन." मिशी होतीही तशीच, पैजेला लावण्याजोगी.

स्वतःच्या लग्नात हार गळ्यात पडायच्या आधी ह्याला वास आला. आपला हार नवरीच्याच हातात देऊन हा गेला मंडपामागं आचाऱ्याकडं. त्याची बायको सुनंदा अजून सांगते, "बाई, मी दोन्ही हार घेऊन उभी. लोकं विचारते, नवरा कुठी गेला? म्हटलं, सिलिंडरपाशी."

गेल्या वर्षापासून मात्र त्याला एक नवीच खोड लागली होती. दुपारी पंगत उठायच्या सुमारास हातातलं काम टाकून स्कूटरवर बसायचं आणि घरी पळायचं. पाईप अर्धा कापलेला असो, आचारी ओरडत असो, हा थांबायचा नाही. माझ्याकडचे नाटकवाले चिडवायचे, "काय भाऊ, झोपाले चालले का?"

"हो," हा म्हणायचा, "झोपेचंच काम आहे." आणि स्कूटरला किक.

म्हटलं, असेल. बायको जवळ नसली की माणसाला दुपारची झोप लागत असेल. कारण सुनंदा नर्स, तिला न्यूझीलंडच्या एका दवाखान्यात नोकरी लागली आणि ती यशूला घेऊन तिकडं गेली. यशू म्हणजे ह्यांची पोर, पहिलीतली. ताराचंदनं मागून जायचं ठरलं होतं. पण तिथं गॅसच्या पाईपाला हात लावायचा तर आधी तिथल्या मंडळानं तुमचं काम तपासून मान्य करावं लागतं. इथं कितीही भट्ट्या पेटवल्या असतील, तिथं तुम्ही नवे.

सुनंदा फोनवर म्हणाली, "तुम्ही या तं खरं. गोदामात काम भेटते."

"खोके उचलाले कायले येऊ? येईन तं फिटर म्हनूनच येईन."

मी ओरडले त्याच्यावर. "बायको-पोर तिकडं, अन् तू इथी ब्रश घेऊन बसशीन का रे?"

"बाई," तो म्हणाला, "यशूनं तिच्या वर्गात सांगून ठेवलं आहे, माहे बाबा गॅस दुरुस्त करते. आता तिले खोटं पाडू का?"

आणि त्यानं त्या मंडळाकडं अर्ज धाडला.

मंडळानं कामाचे फोटो मागितले. ह्यानं मोठ्या ऐटीत गठ्ठाच पाठवला. उत्तर आलं, यात काम कुठं आहे, आणि तुम्ही कुठं आहात?

आता आपल्याकडं नवी शेगडी आली की काय होतं, तुम्हीच सांगा. शेगडीला झेंडूचा हार, कुणी कुंकू लावतं, कुणी मागं बुद्धाची तसबीर ठेवतं. घरची बाई नवी साडी नेसून पुढं उभी, आजूबाजूला पोरंसोरं, वर पहिली खीर चढलेली. आणि फोटो कोण काढणार? ताराचंद. म्हणजे पाईप बाईच्या पदरामागं आणि फिटर मोबाईलमागं! तिथल्या साहेबांना नुसती खीर दिसली.

ताराचंद खचणारा नव्हे. स्कूटर काढून पुन्हा गावोगाव फिरला. पण फोटो परदेशी जाणार ही बातमी त्याच्या आधीच पोचलेली. गोंडपिपरीला एका मावशीशी त्याची चांगलीच जुंपली.

"मावशी, बाजूले व्हा. मले जोड पाहिजे."

"माह्या घरचा फोटो विमानात बसून जाते अन् मी बाजूले होऊ? थांब, साडी बदलवून येतो."

शेवटी तडजोड झाली. मावशीनं एका हातानं पदर सावरला आणि दुसऱ्या हातानं जोडाकडं बोट दाखवलं. मग बाकीच्या घरांतही तोच पायंडा पडला. दर फोटोत एक बाई नटून पाईप दाखवतेय, बाजूला ताराचंद मिशीला पीळ देऊन उभा. मंडळाला हे प्रदर्शन पटलं असावं, कारण आता व्हिडिओ कॉलवर प्रत्यक्ष काम बघू, असं त्यांनी कळवलं. ठिकाण, माझी खानावळ.

त्या सकाळी मी भट्ट्या पेटवल्या नाहीत. मोबाईल माझ्या हातात. पडद्यावर लाल दाढीचे एक साहेब आणि शेजारी मराठी जाणणारी दुभाषी मुलगी. ताराचंदनं सिलिंडर वेगळा केला, लाईनीत पंपानं हवा कोंडली, दाब दाखवणारं मीटर लावलं. कुठं गळती नसेल तर मीटरचा काटा जागचा हलत नाही.

"साहेबाले सांगा," तो दुभाषीला म्हणाला, "हे लाईन म्या स्वतः टाकली. काटा हलनार नाई."

काटा हलला.

थोडासाच. पण मला दिसला, म्हणजे त्यालाही दिसला. सगळं जाणंच त्या काट्यावर. मी गुपचूप मोबाईल भिंतीकडं वळवायला लागले. तिकडून साहेबांना एवढं कुठं दिसतंय?

ताराचंदनं माझं मनगट धरलं. "बाई, फोन इकडं करा."

आणि ब्रश काढला. एकेका जोडाला फेस फासत गेला. मोठ्या भट्टीच्या मागं, कोपऱ्यात, फेसाला इवलासा फुगा आला. फुटला. पुन्हा आला. नाटकवाल्यांच्या भाताचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, आपटून आपटून तिथला पाईप वाकला होता.

"सापडला!" असा ओरडला, जसं घरात बाळ झालं. मोबाईल ओढून पार फुग्यापाशी नेला. "साहेबाले सांगा, जोड माह्या हातचा आहे. गळून राह्यला. आता मीच नवा करतो."

पाईप कापला, जोड नवा केला, पुन्हा हवा कोंडली. साहेब दाढीला हात लावून पुढं झुकलेले. माझा हात दुखून आला, पण काटा काही हलला नाही.

कॉल संपल्यावर मी म्हटलं, "एवढं खरं वागायची काय गरज होती रे?" त्याचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. तो स्वतःच्या नाकावर चिडला होता. "रोज इथी जेवतो, अन् ह्याले समजलं नाई!" घरी गेला आणि त्याच ब्रशानं फेस करून मिशी काढून आला.

काही दिवसांनी उत्तर आलं. काम मान्य. आधी तिथल्या एका फिटरच्या हाताखाली राहायचं, मग परीक्षा, मग स्वतःचं लायसन्स. "ह्या वयात चेला झालो!" अशी तक्रार करत त्यानं अख्ख्या गल्लीत पेढे वाटले.

जायच्या दिवशी मी त्याच्यासाठी डबा घेऊन गेले. घर रिकामं. सिलिंडर सकाळीच एजन्सीत जमा केलेला, शेगडी शेजारी देऊन टाकलेली. दोन बॅगा आणि त्यांच्यामध्ये हा. पंगत उठायची वेळ झाली आणि त्याचा फोन वाजला.

पडद्यावर यशू. पांघरुणातून नुसतं तोंड बाहेर. आपली दुपार म्हणजे तिकडं पोरांची झोपायची वेळ, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. बाबाच्या नव्यानं फुटलेल्या अर्ध्यामुर्ध्या मिशीला हसून झालं. मग जांभई देत तिनं विचारलं, "बाबा, गॅसचा नॉब बंद केला का?"

"इथी होती तवापासून विचारते," तो मला हळूच म्हणाला. "सांगितल्याबिगर झोपत नाई. अन् पाहिल्याबिगर मी कसं सांगू?"

फोन माझ्या हातात देऊन तो उठला. "थांब बेटा, पाहून येतो."

दारातून मला तो दिसत होता. स्वयंपाकघरात ओट्याखाली सिलिंडरचा नुसता गोल डाग उरला होता. त्याच्यापुढं ताराचंद वाकला. हात लांबवून नॉब असायचा तिथं फिरवला. मग उभा राहून, मान वर करून, डोळे मिटून त्यानं एकदा सगळं घर हुंगलं. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ.

परत येऊन फोन घेतला.

"बंद आहे बेटा. झोप आता."