कलिओपीबाईंचं मराठी

नीताने श्रीखंडासाठी वेलची दळायला घेतली, की जेवायला आलेल्या पाहुण्याला एक गोष्ट ऐकावीच लागे. पामर्स्टन नॉर्थमधल्या बहुतेक मराठी घरांना ती आता पाठ झाली होती. वेलची दळायची ती पितळी हातगिरणी मुळात कॉफीची. ग्रीसमधल्या एका बेटावरून आलेली. आणि नीताचं म्हणणं असं, की ती देणाऱ्या बाईंना मराठी येत होतं.

इथवर आलं, की नवरा गुरुदत्त ताक आणायला उठे. तो एका संशोधन संस्थेत गवताच्या जातींवर काम करायचा, आणि गवताबरोबर राहून त्याला न बोलण्याची छान सवय लागली होती. बेट मात्र त्यानेच शोधलेलं. २००६ साली भाच्याच्या लग्नाला ते लंडनला गेले, आणि त्या दगदगीनंतर चार दिवस कुठेतरी निवांत पडून राहावं असं त्याला वाटलं. गाव खरोखरच निवांत होतं. दुपारी तिथलं कुत्रंसुद्धा भुंकावं की नाही याचा विचार करी. त्यांची बारा वर्षांची मुलगी सिद्धी पाण्यातून बाहेर यायला तयार नसे, आणि गुरुदत्त जँडल्स, म्हणजे रबरी चपला, काढून झाडाखाली झोपे. राहिली नीता. ती इस्पितळात नर्स; गप्प बसणं तिच्या कामातही नव्हतं आणि स्वभावातही नव्हतं.

त्यांनी कलिओपी नावाच्या सत्तरीच्या विधवा बाईंकडे खोली घेतली होती. नीताने पहिल्याच दिवशी त्यांना कलिओपीबाई करून टाकलं. बाईंना इंग्रजी थोडं समजे, बोलत मात्र त्या ग्रीकच. नीताने खिळ्यावरच्या किल्लीकडे बोट दाखवून ही आमची का, असं इंग्रजीत विचारलं. बाई म्हणाल्या, "ने." नीताने नेली. अंगणातली लिंबं घेऊ का विचारलं, तर "ने, ने." टॉवेलचंही तेच झालं. संध्याकाळी नीताने नवऱ्याला झोपेतून उठवलं.

"अरे, त्या चक्क मराठीत 'ने' म्हणतात. सिकंदर आला होता ना आपल्याकडे, त्याच्याबरोबर गेला असणार शब्द."

"सिकंदर पुण्यापर्यंत पोचला नव्हता," गुरुदत्त म्हणाला.

"तो नसेल पोचला. शब्द पोचला असेल."

निघायच्या दिवशी तिला स्वयंपाकघराच्या खिडकीत ती हातगिरणी दिसली. हातात घेऊन तिने दांडा फिरवून पाहिला, आणि कौतुकाने विचारलं, तुमची का? कलिओपीबाईंनी छातीवर हात ठेवला. "ने, ने." नीताला भरूनच आलं. पण पहिल्याच आग्रहाला हो म्हणणं तिच्या माहेरी हावरटपणात जमा होत असे, म्हणून तिने पुन्हा विचारलं, खरंच तुमची? बाई आता जरा जोरातच म्हणाल्या, "ने, ने, ने." मग मात्र नाही म्हणणं वाईट दिसलं असतं. नीताने गिरणी सिद्धीच्या टॉवेलात गुंडाळून बॅगेत ठेवली. कलिओपीबाई क्षणभर बघतच राहिल्या. मग त्यांनी देवाच्या तसबिरीकडे पाहिलं आणि नीताला अशी घट्ट मिठी मारली, की तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र दोघींना टोचलं.

ऑकलंडच्या विमानतळावर नीताने गिरणी स्वतःहून दाखवली. तपासणाऱ्या माणसाने आत नाक घालून हुंगलं आणि कुठून आणली म्हणून विचारलं. मैत्रिणीने दिली, असं तिने अभिमानाने सांगितलं.

हे सगळं स्टावरोसने ऐकलं तेव्हा तो श्रीखंडाचा दुसरा वाडगा संपवत होता. गुरुदत्तच्या संस्थेत नव्याने आलेला हा माणूस वेलिंग्टनमध्ये वाढलेला होता, पण त्याचे आईवडील ग्रीक, आणि घरात भाषा तीच. "ने" ऐकल्यावर त्याला असा ठसका लागला, की गुरुदत्तने खरंच ताक आणलं. ग्रीकमध्ये "ने" म्हणजे "हो", एवढंच तो कसंबसं बोलला.

नीताने मनातल्या मनात सगळा संवाद पुन्हा लावून पाहिला. तुमची का? हो, हो. खरंच तुमची? हो, हो, हो.

"आई, यू निक्ड इट. ढापलीस तू ती," सिद्धी म्हणाली. "फ्रॉम अ ग्रॅनी."

नीताचा चेहरा उतरला. चुकून कुणाचं पेन खिशात आलं, तरी इस्पितळाकडे गाडी वळवणारी ही बाई. महाराष्ट्र मंडळाच्या पैशांची पेटी वर्षानुवर्षं तिच्याकडे असे, ती काय तिला हिशेब येतो म्हणून नव्हे. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. एका म्हाताऱ्या विधवेचं भांडं तिच्या डोळ्यांदेखत उचलून आणलं आणि वर तिच्या गळ्यात पडले, हे तिच्या डोक्यातून जाईना. मला चोर समजत असतील त्या, एवढंच ती म्हणत राहिली. गुरुदत्तने समजूत घातली नाही. त्याने गिरणी घासूनपुसून खोक्यात भरली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, तिकडे सकाळ झालेली असताना, स्टावरोसला फोनवर बसवलं.

स्टावरोस आधी गंभीरपणे बोलला, मग ऐकत राहिला, मग तोंडावर हात ठेवून ऐकत राहिला. फोन झाल्यावर त्याने सांगितलं, की गिरणी परत पाठवायची नाही. कलिओपीबाईंनी त्याला देवाची शपथ घातली होती. ती गिरणी त्यांच्या सासूची. सासूने मरताना ती लेकीला, म्हणजे कलिओपीबाईंच्या नणंदेला देऊ केली होती, पण बाईंनी सोडली नाही. नणंद भिंतीपलीकडेच राहते, आणि "तुझी कशी ती?" एवढा एकच विषय वर्षानुवर्षं त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना चालू आहे. नीता गेली त्याच आठवड्यात नणंद पाद्रीबुवांना घेऊन आली. बाईंनी क्रूसावर हात ठेवून सांगितलं, की गिरणी माझ्या घरात नाही. ते खरंच होतं, म्हणून सांगताना त्यांचा आवाजही कापला नाही. नीता ही त्यांना देवानेच पाठवलेली बाई वाटत होती.

"म्हणजे मी चोर नाही," नीता म्हणाली.

"नाही," गुरुदत्त म्हणाला. "चोरीचा माल सांभाळणारी आहेस."

नीताला हसू आलं नाही. पण परत पाठवावं तर कलिओपीबाई खोट्या पडणार, हेही तिला दिसत होतं. शेवटी तिने गिरणी खोक्यातून काढली आणि फडताळात मागे, डाळींच्या डब्यांआड ठेवली. श्रीखंडात वेलची खलबत्त्यात कुटून पडू लागली, आणि पाहुणे गोष्टीविना जेवू लागले.

दोनेक आठवड्यांनी संध्याकाळी फोन वाजला. पलीकडे एक म्हातारा, खणखणीत आवाज ग्रीकमध्ये सुरू झाला. नंबर कुठून मिळवला देव जाणे, पण नणंदेला काय अशक्य असतं? त्या बोलण्यातला एक शब्द नीताला कळला, कारण स्टावरोसच्या तोंडी तो दहा वेळा आला होता. "मिलोस?" बाई विचारत होत्या. गिरणी? "मिलोस?"

नीताने फडताळाकडे पाहिलं. खरं सांगावं तर तिकडे एका मैत्रिणीचं गुपित फुटणार होतं. तिने डोळे मिटले आणि जन्मात पहिल्यांदा धडधडीत खोटं बोलायचं ठरवलं. घाईत तिला इंग्रजी सुचेना. आणि "नाही" म्हणायला गेली तर सवय नसलेली जीभ अर्ध्यातच अडखळली.

"ना... ना..." ती म्हणाली.

पलीकडे आनंदाची एक किंकाळी उठली आणि फोन बंद झाला.

नीताने फोन खाली ठेवला. जमलं, असं तिला वाटलं. त्या आनंदाचं तिला नवल वाटलं खरं, पण गिरणी नाही हे ऐकून बिचारीचं भांडण एकदाचं मिटलं असेल, असा तिने अर्थ लावला. तासाभराने स्टावरोसचा फोन आला. त्याला कलिओपीबाईंनी रडतरडत फोन केला होता.

"नीता, तू तिच्या नणंदेला काय सांगितलंस?"

"नाही म्हणून सांगितलं. गिरणी माझ्याकडे नाही."

"अगं, ग्रीकमध्ये 'ना' म्हणजे 'ही बघा, ही घ्या'," स्टावरोस म्हणाला. "ती सगळ्या गावाला सांगत सुटलीय. ती परदेशी बाई फार प्रामाणिक आहे म्हणाली. विचारल्याबरोबर कबूल झाली."